बेडूकतोंड्या गाडीची स्तुती

आयुष्यात मी खोटं पुष्कळदा बोललो असेन, पण जीव ओतून, हातवारे करून, घसा सुकेपर्यंत एकदाच बोललो. तेही एका मोटारीच्या तोंडाबद्दल.

कापसाची ती वाईट वर्षं होती. दिग्रसला माझं स्पेअर पार्टचं दुकान. जिनिंगचे पट्टे, बेअरिंग, ट्रॅक्टरचे फिल्टर असा माल. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग दिवाळीनंतर सुरू व्हायच्या आणि संक्रांत येईतो थंड पडायच्या. ज्या दुकानात गिऱ्हाईक येत नाही तिथे माणसं येतात, आणि माणसं आली की मतं येतात.

मतांचे मालक तिघे होते. एक कापसाचा ग्रेडर. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची आणि धागा लांब की आखूड ते सांगायचं, हा त्याचा धंदा. दुसरा जिनिंगमधला फिटर. मशीन बंद असली तरी त्याचे हात बंद नसत, समोरचा स्टूल उलटा करून त्याचे स्क्रू आवळत बसायचा. तिसरे शाळेतले ड्रॉइंग मास्तर. आम्हा चौघांना वेड एकाच गाडीचं. दोन दारांची, बुटकी, नाकाला चपटी, मागे उतरत गेलेली स्पोर्ट गाडी. स्वस्तातली. तुमच्या-आमच्यासाठी काढली असं कंपनी म्हणायची. तुमच्या-आमच्यापैकी घेतली मात्र कोणीच नव्हती. साऱ्या जिल्ह्यात ती एकच होती, यवतमाळच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे.

एका सकाळी मास्तर बसस्टँडच्या स्टॉलवरून मोटारींचं इंग्रजी मासिक घेऊन आले आणि काही न बोलता काउंटरवर उघडून ठेवलं. आमच्या गाडीचं नवं रूप आलं होतं. चपटं नाक जाऊन तिथे रुंद जबडा, वर ताणलेले तिरपे दिवे, खाली जाळीचं मोठं भोक.

फिटरने मासिक उलटं धरून पाहिलं.

"बेडूक आहे हा," फिटर म्हणाला. "डराव म्हणून राह्यला, पाह्य."

मास्तरांनी चष्मा काढला. "जुनीची रेघ एका दमात काढलेली होती. ही रेघ कमिटीनं काढली. एकानं सुरू केली, दुसऱ्यानं वळवली अन् तिसरा जेवाले गेला."

ग्रेडरने पानावरून अंगठा फिरवला, जणू कागदाचा धागाच तपासतो आहे. "जुनी म्हणजे कोरडा, पहिल्या वेच्याचा कापूस. हे पाणी मारलेलं गाठोडं आहे. वजन भरून राह्यलं, माल तोच."

पंधरवडाभर दुकानात दुसरा विषय नव्हता. बेअरिंग न्यायला आलेल्या माणसालाही आधी चित्र दाखवायचं, त्याचं तोंड वाकडं करवून घ्यायचं आणि मग बेअरिंग द्यायचं.

अशात यवतमाळहून एक फिरता विक्रेता आला आणि बोलता बोलता म्हणाला, की दातांच्या डॉक्टरांना ही नव्या तोंडाची गाडी घ्यायची आहे, जुनीला गिऱ्हाईक शोधताहेत.

मी त्या रात्री जेवलो नाही. बायकोला काय झालं असेल ते कळलं. तिने माझा हट्ट वर्षानुवर्षं ऐकला होता. ती म्हणाली, "आणा एकदाची. निदान झोपेत गिअर टाकणं तरी बंद होईल तुमचं." यापेक्षा मोठी परवानगी आमच्या घरात कोणाला मिळालेली नाही.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. गाडी पाहायला कोणी एकटं जात नाही. सेकंडहँड स्कूटर असो की ट्रॅक्टर, मुलगी पाहायला जातात तशी चार माणसं जातात. पोहे खातात, चहा पितात, गाडीभोवती फिरतात, दोष काढतात. एकटा गेलेला माणूस फसणार असं सगळे धरून चालतात, आणि फसला नाही तरी तसंच म्हणतात. तेव्हा तिघांना टाळणं शक्य नव्हतं. ते माझ्या आधी बसस्टँडवर हजर होते, इस्त्रीचे कपडे घालून.

एसटीत मी त्यांना समोर बसवून समजावलं. डॉक्टर जुनी कधी विकणार? नवी आवडली तरच. नवीवर त्यांचं मन बसलं तर जुनी आपली. म्हणून नव्या तोंडाबद्दल कोणी काही विचारलं तर काय म्हणायचं?

"छान आहे," मास्तर म्हणाले.

"छान आहे," ग्रेडर म्हणाला.

फिटर खिडकीबाहेर पाहत होता.

"अन् तू बे?"

"मले नाही जमत."

"दोन शब्द आहेत रे!"

"तोंडात येतात, पण पुढं सरकून नाही राह्यले." कारल्याची फोड जिभेवर धरल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. दारव्ह्यापासून यवतमाळपर्यंत मी त्याच्याकडून "छान आहे" घोकून घेतलं. शेवटी शेवटी बऱ्यापैकी म्हणायला लागला.

डॉक्टरांचं घर दवाखान्याच्या मागे होतं आणि अंगणात ती उभी होती. लाल. चित्रात असते त्याहून लहान, आणि त्यामुळे जास्तच आपली वाटणारी. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. मुलगी पसंत असली की माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो, तसा मी डॉक्टरांच्या कुंड्यांकडे बघत बसलो. किंमत वाढू नये एवढाच हेतू.

पोहे झाले, चहा आला. डॉक्टर भले गृहस्थ, हसतमुख. त्यांनी नव्या गाडीचं रंगीत पत्रक उलगडून टीपॉयवर ठेवलं. "हीच घ्यायची म्हणतोय. तुम्ही मंडळी जाणकार दिसता. कशी वाटते?"

"छान आहे," मास्तर.

"छान आहे," ग्रेडर.

"जय भीम डॉक्टरसाहेब," फिटर म्हणाला. आल्या आल्या एकदा म्हणून झालं होतं.

डॉक्टर हसले. "तुमचं मत नाही सांगितलंत. खरं सांगा हं, मी अजून पैसे भरलेले नाहीत."

खरं सांगा! हे दोन शब्द त्या माणसाने उच्चारले आणि माझी गाडी गेली. फिटरने कप खाली ठेवला. "साहेब, हे बेडूक आहे."

त्यानंतर बांध फुटला. मास्तरांनी खिशातली पेन्सिल काढून पत्रकावरच नवी रेघ कुठे चुकली ते दाखवायला सुरुवात केली. ग्रेडर डॉक्टरांचा हात धरून त्यांना अंगणात घेऊन गेला आणि जुनीच्या टपावरून त्यांचाच तळहात फिरवला. "हे पाहा साहेब, कुठं अडते का? लांब धागा आहे हा. याले तुम्ही इकून टाकता?" फिटरने बॉनेट उघडायला लावलं, इंजिन सुरू करायला लावलं, आणि डोळे मिटून ऐकत उभा राहिला. गाण्याच्या बैठकीत दाद देतात तशी मान हलवत. डॉक्टरांच्या पत्नी दारात आल्या. "मी हेच म्हणत होते," त्या म्हणाल्या, "पण माझं कोण ऐकतं!"

मी एकटा पत्रकापाशी उरलो. मग मी उठलो आणि अंगणात जाऊन जे बोललो, त्याला तोड नव्हती. नव्या दिव्यांना वाघाचे डोळे म्हणालो. जबड्याला मर्दानी म्हणालो. जाळीच्या भोकातून वारा कसा घुसतो ते दोन्ही हात पसरून, गाल फुगवून करून दाखवलं. जुनं रूप आता शिळं झालं, पुण्या-मुंबईत असल्या चपट्या नाकाच्या गाड्या कोणी फुकट घेत नाही, असंसुद्धा बोललो. ती लाल गाडी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिला ऐकू येत असतं तर तिने मला चाकाखाली घेतलं असतं.

डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "तुम्हाला इतकी आवडलीय," ते म्हणाले, "तर मग तुम्हीच नवी घ्या ना. ही शिळी कशाला घेता?"

मी पुन्हा कुंड्यांकडे बघायला लागलो.

"राहू दे," डॉक्टर गाडीवर थोपटत म्हणाले. "नाही विकायची ही. बरं झालं तुम्ही आलात, नाहीतर हातची घालवली असती." खुशीत येऊन त्यांनी तिघांना एकेक करून शेजारी बसवलं आणि चक्कर मारून आणलं. माझी पाळी आली तेव्हा दवाखान्यात दाढ सुजलेला पेशंट आला.

परतीच्या एसटीत तिघे माझ्याशी बोलेनात. मी बोलत नव्हतो ते ठीक, पण ते बोलेनात! बोरी अरबला बस थांबली तेव्हा ग्रेडरने शेंगा घेतल्या, दोघांना दिल्या, मग माझ्याकडे पाहून सुस्कारा टाकला. "भाऊ, तुले ते बेडूकतोंड खरंच आवडते?"

"अरे, नाही आवडत! मले ही पाह्यजे होती, ही!"

"मंग त्याले तसं सांगाचं ना," फिटर म्हणाला. "तू तं तिच्या तोंडावर तिले शिळी म्हणून राह्यलता. आमाले लाज वाटली."

पुढच्या आठवड्यात, कोणाला न सांगता, मी एकटा यवतमाळला गेलो. रीत मोडून. डॉक्टरांसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. नवी मला मुळीच आवडत नाही, जुनीवर किती वर्षांचा जीव आहे, त्या दिवशी कुंड्यांकडे का बघत होतो, सगळं.

त्यांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. "अहो, हे त्याच दिवशी बोलला असतात तर पत्रक बाजूला ठेवून तुम्हाला दिली असती. मला वाटलं, ज्याला हिची कदर नाही त्याच्या हातात कशी देऊ? आता मात्र माझाच जीव जडलाय. रोज संध्याकाळी चक्कर मारतो."

मी उठलो. दारापर्यंत ते पोचवायला आले.

"तुमचं स्पेअरचं दुकान आहे ना?" त्यांनी विचारलं. "हिच्या डाव्या दाराचं रबर वाळलंय, पावसात पाणी आत येतं. कंपनी म्हणते, जुन्या मॉडेलचं आता बनत नाही. तुम्हाला कुठून मिळेल का?"

अंगणात ती उभी होती, नुकतीच धुतलेली. मी डावं दार उघडलं, रबरावरून बोट फिरवलं. कडक झालं होतं, कोपऱ्यात फाटलं होतं. बोटांनी माप घेतलं.

"नागपूरच्या जुन्या बाजारातून मागवून देतो," म्हणालो.