मुग्धाचं विमान आणि आमचा नारळ

बर्मिंगहॅमच्या विमानतळावर मुग्धा मला घ्यायला आली आणि पहिली दहा मिनिटं फक्त हवेबद्दल बोलली. ढग किती उंचीवर आहेत, वारा कुठून आहे, शनिवारी काय असेल. मला वाटलं, चार वर्षं इंग्लंडात राहून पोरगी पक्की इंग्रज झाली. गाडी कॉव्हेंट्रीच्या रस्त्याला लागल्यावर खरी गोष्ट बाहेर आली.

"बाबा, चिडू नका हं. मी विमान घेतलंय."

"कशाचं विमान?"

"खरंखुरं. म्हणजे अख्खं नाही, सहावा हिस्सा. आम्ही सहा जण मिळून शेअर करतो. लायसन्स मागच्या वर्षीच मिळालं. आईला माहितीये."

बायकोला ठाऊक आणि मला पत्ता नाही, हे आमच्या घरच्या रीतीला धरूनच झालं. सहा जणांत एक विमान म्हणजे सहा भावांत एक विहीर, भांडण ठरलेलं, असं मी बोलून दाखवलं. तोंडाने कुरकुर चालू होती, पण छाती इतकी फुगली होती की सीटबेल्ट टोचायला लागला. कराडजवळच्या एका साखर कारखान्यात मी बत्तीस वर्षं वाहन विभाग सांभाळला. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, सगळ्यांची नाडी मला कळते. माझी मुलगी विमान चालवते म्हणजे ते माझ्याकडूनच आलं, असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

ही दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे बायको माझ्याबरोबर येऊ शकली नव्हती. संध्याकाळी फोनवर तिने पहिलं वाक्य टाकलं, "अहो, नारळ फोडल्याशिवाय त्या विमानात पाय ठेवू नका."

"अगं, ते काही नवं नाही. मुग्धाच्या वयाचं आहे."

"आपल्या घरी नवं आलंय ना?"

मुग्धाकडे विषय काढला, तर तिने हातच जोडले. "बाबा, प्लीज! एअरफील्डवर नारळ नाही फोडायचा. करवंटीचा एक तुकडा जरी उडाला ना, तरी प्रॉपेलरला खाच पडते. तिथे आम्ही खडासुद्धा उचलून बिनमध्ये टाकतो."

मी समजूतदारपणे मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी फोल्सहिल रोडवरच्या एका गुजराती दुकानातून नारळ आणला. विमानासाठी हवाय म्हटल्यावर दुकानदाराने जराही आश्चर्य न दाखवता तीन नारळ कानापाशी हलवून पाहिले आणि चांगली शेंडी असलेला निवडून दिला. शनिवारी आम्ही विमानाने श्रॉपशरमधल्या एका शेतातल्या धावपट्टीवर जाणार होतो. शेत म्हणजे काही एअरफील्ड नव्हे. तिथे कुंपणाआड गुपचूप फोडू, असा माझा हिशेब.

शनिवारी सकाळी कॉव्हेंट्रीजवळच्या एअरफील्डवर पोचलो. मला वाटलं होतं, निदान एक इमारत तरी असेल. होती एक लाकडी खोली, एक पत्र्याचा हँगर (विमानांचा गोठाच म्हणा) आणि खांबावर फडफडणारा विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी). खोलीत चहाची किटली चालू होती आणि जीनबाई बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, केस पांढरेशुभ्र, नखांत ग्रीस. विमानाच्या सहा भागीदारांतल्या त्या सर्वांत जुन्या. त्यांनी माझा हात असा दाबला की मला आमच्या वर्कशॉपातल्या फिटरांची आठवण झाली.

मुग्धा विमान तपासत होती तोवर जीनबाईंनी मला एक जाड वही दाखवली. वरच्या लेबलवर इंग्रजीत लिहिलं होतं, "मी काय केलं". विमानाला काही झालं की चालवणाऱ्याने आपल्या हाताने त्यात लिहायचं आणि शनिवारी चार वाजता चहाबरोबर सगळ्यांसमोर वाचायचं. दुसऱ्याबद्दल कुणी लिहायचं नाही. वाचून झालं की त्या माणसाने पुन्हा एकट्याने उडायचं की आधी काही दिवस शिक्षकाला शेजारी बसवायचं, हे सगळे मिळून ठरवतात. मोठा अपघात असेल तर सरकारी तपासनीस येतात, पण ती वेळ येऊ नये म्हणूनच ही वही, असं त्या म्हणाल्या.

मी चष्मा लावून वाचायला लागलो. एकाने पावसानंतर टाकीच्या तळाचं पाणी काढलं नव्हतं, उडतानाच इंजिन आचके द्यायला लागलं. एकाने इंधनाचं झाकण लावलं नाही. एकाच्या कार्ब्युरेटरमध्ये ऐन जूनमध्ये, दमट हवेत बर्फ धरला, गरम हवेचा खटका ओढायला तो विसरला आणि बार्लीच्या शेतात उतरला. खुद्द जीनबाईंनी विमान ओढायचा दांडा पुढच्या चाकाला तसाच ठेवून इंजिन सुरू केलं होतं. हे त्यांनी स्वतःच पान उलटून दाखवलं.

"आणि शिक्षा काय होते?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"शिक्षा केली तर पुढच्या वेळी लिहील कोण?" असं म्हणून त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

मला गंमत वाटली. आमच्या विभागात अपघाताचा छापील फॉर्म होता. त्यातला "अपघाताचे कारण" हा रकाना बत्तीस वर्षं माझ्याच हाताने भरला गेला. मी लिहायचो, "चालकाचा निष्काळजीपणा." ब्रेक गेला तरी चालक, टायर फुटला तरी चालक. आमच्या वर्कशॉपचं नाव त्या रकान्यात एकदाही आलं नाही, याचा मला निवृत्तीच्या दिवसापर्यंत अभिमान होता.

विमान आत जेमतेम जीपच्या पुढच्या सीटएवढं. मुग्धा डावीकडे, मी उजवीकडे. माझ्या पायांपुढेही दोन पेडलं होती. ती तिच्या पेडलांना जोडलेली असतात, जमिनीवर विमान त्यांनीच वळतं, तेव्हा पाय मागे ठेवा, असं तिने बजावलं. मग यादी हातात घेऊन एकेक गोष्ट बोटाने शिवत गेली. शेवटी विचारलं, "बाबा, खिशात सुटं काही?"

"रुमाल," मी म्हणालो. कोटाच्या मोठ्या खिशात नारळ होता.

तिने मान हलवली. माझ्या शब्दावर पोरीचा विश्वास.

वर गेल्यावर मात्र मी सगळं विसरलो. खाली हिरव्या कुंपणांचे चौकोन, मेंढ्यांचे पांढरे ठिपके, वळणं घेत जाणारी सेव्हर्न नदी. मुग्धा रेडिओवर कुणाशी तरी इतक्या शांतपणे बोलत होती की ही तीच का, जी कराडच्या घाटावर सायकल शिकताना माझा शर्ट सोडत नव्हती, असं वाटलं. माझे डोळे भरून आले. नाकात काहीतरी गेल्याचं दाखवून मी रुमाल काढला. तो तरी खरंच होता खिशात.

श्रॉपशरला गवतावर असं अलगद उतरलो की पोटातलं पाणी हललं नाही. शेतकऱ्याच्या गाडीवर अंड्याचा रोल खाल्ला, वर कपभर चहा. मग पाय मोकळे करतो म्हणून कुंपणाकडे गेलो, एक बरा दगड शोधला आणि नारळ उगारला, तोच मागून आवाज आला. कुत्रा घेऊन एक बाई उभ्या होत्या.

"तुमचं काही हरवलंय का?"

"नाही, निसर्ग बघतोय," मी नारळ पाठीमागे धरून म्हणालो.

बाई भल्या होत्या. त्यांनी मला निसर्ग दाखवायला घेतला. हे झाड कुठलं, तो पक्षी कुठला. दहा मिनिटांनी मुग्धाची हाक आली, वारा वाढतोय, निघायला हवं. नारळ पुन्हा खिशात. पुन्हा यादी, पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा मी म्हणालो, "रुमाल."

परतताना काचेतून ऊन आलं. उकडायला लागलं म्हणून मी कोट काढून पायाशी ठेवला. कॉव्हेंट्रीच्या चर्चांचे तीन उंच मनोरे दिसायला लागले, तेव्हा दोन्ही हातांनी कॅमेरा धरून मी फोटो काढत होतो. विमानाचं नाक खाली झालं आणि पायाशी काहीतरी गडगडल्यासारखं वाटलं. माझं लक्ष फोटोत.

चाकं टेकली. वारा डावीकडून होता. विमान डावीकडे वळायला लागलं, मुग्धाचा पाय उजव्या पेडलवर गेलेला मला दिसला, पण विमान काही ऐकेना. पट्टी सोडून ते गवतात शिरलं, कडेचा लाकडी फलक काडकन मोडला, चाकावरचं आवरण फुटलं आणि आम्ही थांबलो. मुग्धाने आधी सगळी बटणं बंद केली, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, लागलं नाही ना?"

"नाही गं."

ती उडी मारून चाक बघायला गेली. मी खाली पाहिलं. माझ्या उजव्या पेडलमागे नारळ अडकून बसला होता. शेंडी चपटी झालेली, करवंटीवर काळा ओरखडा. आणि मग मी जे केलं, ते सांगायलाही लाज वाटते. नारळ ओढून काढला आणि कोटाच्या खिशात टाकला.

जीनबाई आल्या. त्यांनी पेडलं दाबून पाहिली. दोन्ही मोकळी, झकास. "पेडल कडक लागल्यासारखं वाटलं मला," मुग्धा म्हणाली, "पण घाबरल्यावर तसं वाटतं. माझाच पाय कमी पडला असणार."

चार वाजले. सहाच्या सहा भागीदार जमले, चहा झाला. मुग्धाने वहीत लिहिलं आणि उभी राहून वाचून दाखवलं. वारा आडवा होता, मी पाय वेळेवर आणि पुरेसा दाबला नाही, चूक माझी. तिचा आवाज स्थिर होता. मग तिने विमानाची किल्ली टेबलावर ठेवली. "मी काही दिवस नाही उडवणार. कदाचित मला हे जमत नसेल. माझा हिस्सा दुसऱ्या कुणाला द्यायचा का, तेही ठरवा."

बत्तीस वर्षांतले चालक माझ्यासमोर असेच उभे राहायचे. हात बांधून. फरक इतकाच की मी तिथे खुर्चीत असायचो आणि पेन माझ्या हातात.

मी उठलो. कोटाच्या खिशातून नारळ काढून किल्लीशेजारी ठेवला. "हा पेडलमागे होता," मी म्हणालो. "तिने दोनदा विचारलं. मी दोनदा रुमाल म्हणालो."

मुग्धाने माझ्याकडे पाहिलं आणि मराठीतच म्हणाली, "बाबा, तुम्ही खोटं बोललात? मला?"

"हो."

जीनबाईंनी नारळ हातात फिरवला, ओरखड्यावर बोट फिरवलं आणि पेडलं पुन्हा तपासायला तडक बाहेर गेल्या. काचेतून आम्हाला त्या विमानात वाकलेल्या दिसत होत्या. परत येऊन त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि पेन दिलं. "तुमच्या भाषेत लिहिलंत तरी चालेल."

मी सगळं लिहिलं. बायकोचा फोन, गुजराती दुकान, कोट, कुंपण, निसर्ग. कुठे काही झाकलं नाही. शेवटी सवयीने मी खाली एक ओळ आखली आणि लिहिलं, "अपघाताचे कारण". पेन तिथे जरा थांबलं. मग लिहिलं, "वैमानिकाचे वडील."

मुग्धाने ते इंग्रजीत करून वाचलं. शेवटच्या ओळीला तिचा आवाज पहिल्यांदा हलला. मला वाटलं, आता ती आपलं पान खोडेल. तिने पेन घेतलं आणि स्वतःच्या मजकुराखाली आणखी एक वाक्य घातलं. "मी विचारलं, पण तपासलं नाही."

मी पुष्कळ माणसं पाहिली. निर्दोष ठरल्यावरही आपल्या वाट्याची चूक हातात धरून ठेवणारी ही पहिली, आणि ती माझ्या घरातली. त्या क्षणी मला जो अभिमान वाटला, तो विमान उडताना वाटलेल्यापेक्षा कितीतरी मोठा होता. आणि हे तिच्यात माझ्याकडून आलेलं नाही, हेही मला स्वच्छ कळलं.

जीनबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांनी किल्ली मुग्धाकडे सरकवली. "हा आम्ही ठेवून घेतला तर चालेल?" त्यांनी नारळाकडे बोट दाखवून मला विचारलं. नारळ वहीच्या वरच्या फळीवर गेला, ओरखडा लोकांच्या बाजूला करून.

मुग्धा माझ्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलली. तो तिचा हक्कच होता. निघायच्या आदल्या आठवड्यात चाकाचं नवं आवरण बसलं, नवा लाकडी फलक मी माझ्या हाताने रंगवला आणि ती म्हणाली, "चला बाबा, एक चक्कर." यादी संपली. या वेळी तिने विचारलं नाही, हात पुढे केला. मी चष्म्याचं घर, सुपारीची डबी, घराची किल्ली आणि रुमाल, एकेक करून तिच्या हातावर ठेवलं. मग तिने खिसे चाचपून पाहिले. अगदी मी शाळेत जाताना माझी आई चाचपायची तसे.

कराडला पोचलो. बायको काठी टेकत दारापर्यंत आली. भाकरतुकडा ओवाळून टाकत तिने विचारलं, "फोडलात ना नारळ?"

प्रवासभर मी यावर बरीच उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही वापरलं नाही. बूटसुद्धा न काढता उंबऱ्यावरच बसलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. वहीत काय लिहिलं, तेही. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मग आत जाऊन टेलिफोन उचलला आणि मुग्धाचा नंबर फिरवला.

"मुग्धे, ती वही आहे ना तुमची, त्यात कारण अर्धंच लिहिलंय बघ," ती म्हणाली. "नारळ न्यायला मी सांगितलं होतं. वडिलांच्या खाली माझं नाव घाल."