उजव्या इंडिकेटरची चौकशी

या जगात कोणतीही वस्तू आपोआप बिघडत नाही, तिला कोणीतरी बिघडवलेलं असतं आणि नीट चौकशी केली तर तो कोणीतरी सापडतोच, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे साडू. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला 'पाव्हणं' म्हणतात, आणि लग्नाला सव्वीस वर्षं होऊनही, त्यांच्या खालच्या आणि आमच्या वरच्या मजल्यात एक जिना एवढंच अंतर असूनही, मी अजून पाहुणाच आहे. दाजींची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. करमाडपासून पार तालुक्याच्या टोकापर्यंत बांधाबांधावर उभं राहून त्यांनी भावाभावांची भांडणं साखळीनं मोजली. निवृत्तीच्या दिवशी साखळी सरकारजमा झाली, मोजणी मात्र दाजींबरोबर घरी आली. न्हाणीतला नळ गळू लागला तर ते पान्याला हात लावायच्या आधी आम्हाला वर येऊन कळवतात, कारण मोजणीपूर्वी लगतच्या खातेदारांना नोटीस द्यायचा शिरस्ता आहे. एकदा मिक्सर बंद पडला तेव्हा त्यांनी अक्कांचा, म्हणजे स्वतःच्या बायकोचा आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, रीतसर जबाब घेतला. "शेवटचा चालू कवा होता? आत काय होतं? आधी आवाज आला का वास आला?" अक्का म्हणाल्या, "आत शेंगदाणे होते. आता तुम्ही हटा, मी पाट्यावर वाटते." दाजींनी हेही वहीत लिहून घेतलं.

दाजींची मोटारसायकल त्यांचा मुलगा पहिलीत असताना घेतलेली आहे आणि त्या मुलाला आता टक्कल पडू लागलं आहे. ती विकायचा विषय घरात कोणी काढत नाही. दसऱ्याला बाकीचे लोक गाडीला झेंडूचा हार घालून मोकळे होतात, दाजी हार तर घालतातच, पण आदल्या दिवशी तिला स्वतःच्या हातानं काळ्या ऑइलपेंटचा एक हात देतात. इतक्या वर्षांचे थर चढून ती मूळच्या आकारापेक्षा थोडी गुटगुटीत झाली आहे. या गाडीवरून दर रविवारी सकाळी दाजी आणि अक्का दौलताबादला जात. किल्ला बघायला नव्हे. किल्ल्याच्या पायथ्याशी बायका टोपल्या घेऊन बसतात, त्यांच्याकडून सीताफळं नाहीतर पेरू घ्यायचे, कट्ट्यावर बसून एकेक कप चहा प्यायचा आणि दहाच्या आत घरी यायचं. लग्नाचा वाढदिवस, मुलाचा वाढदिवस, यातलं काहीही दाजींच्या लक्षात राहत नाही, पण रविवार त्यांनी कधी चुकवल्याचं मला आठवत नाही.

गेल्या दसऱ्यानंतरच्या पहिल्याच रविवारी अक्का अंगणात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उजव्या बाजूचा इंडिकेटर लागत नाय. मागून ट्रक आला म्हंजे? ते नीट होईस्तवर मी काय मागं बसायची नाय." तक्रार खरी होती. डावं बटण दाबलं की डावीकडचे दोन्ही दिवे व्यवस्थित मिचकत. उजवं दाबलं की मागचा दिवा नुसता पेटून राही आणि पुढचा तर ढिम्म. दाजी म्हणाले, वळताना मी हात दाखवतो. अक्का नाही म्हणाल्या. मग दाजींनी उजवीकडे वळणंच बंद केलं. एक उजवं वळण टाळायला तीन डावी घ्यावी लागतात, हे त्यांनी मला वर्तमानपत्राच्या कडेला चौकोन काढून समजावलं आणि औरंगपुऱ्यात जायला जिथं वीस मिनिटं लागतात तिथं ते पाऊण तासानं पोहोचू लागले. अक्का तरीही बसल्या नाहीत. पुढच्या रविवारी दाजी एकटेच निघाले आणि अर्ध्या तासात रिकाम्या हातानं परत आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"मागं वजन नसलं का गाडी उडती, पाव्हणं. करमत नाय. निम्म्यातून फिरलो."

"पण मागं फिरायचं म्हणजे उजवीकडेच वळावं लागतं की."

"उतरून ढकलली," दाजी म्हणाले. त्यांचा चेहरा असा उतरला होता की मला हसायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. मी आणि शेजारचे खानसाहेब असे दोन पंच. खानसाहेब शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, त्यांना सकाळी वेळ असतो आणि चहा आवडतो. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "अरे भाई, नुक्कड पे मिस्त्री बैठा है ना. दस मिनट का काम है." दाजींनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "मिस्त्री दुरुस्त करतो, खानसाब. कारण सांगत नाय."

दाजींची पद्धत मोजणीची होती. बांधाचा वाद असला की आधी एक अशी खूण शोधायची जिच्यावर कोणाचीच हरकत नाही, जुना दगड, विहिरीचा काठ, आणि तिथून मोजत निघायचं. इथं बॅटरी ही बिनहरकत खूण ठरली. हॉर्न वाजतो, पुढचा मोठा दिवा लागतो, म्हणजे बॅटरीबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही. मग डावीकडचा पुढचा चांगला बल्ब काढून उजवीकडे लावला, तो तिथं लागला नाही. उजवीकडचा डावीकडे लावला, तो झकास लागला. बल्ब निर्दोष. मग दिव्याला मिचकवणारी ती छोटी डबी, तिला फ्लॅशर म्हणतात. औरंगपुऱ्यातल्या दुकानदारानं नवी डबी काउंटरवर काढूनही ठेवली होती. दाजींनी त्याला तासभर थांबवून सांगितलं की जी डबी डाव्याला टिकटिक करते तिला उजव्याशी वैर धरायचं काही कारण नाही, आणि डबी न घेता परत आले. मग बटण. ते उघडून रॉकेल आणि जुन्या टूथब्रशनं साफ करायला घेतलं तेव्हा आतली बारीक स्प्रिंग उडाली. आम्ही तिघं प्रौढ पुरुष अर्धा दिवस अंगणात गुडघ्यांवर फिरत होतो, शेवटी ती खानसाहेबांच्या चहाच्या गाळात सापडली. बटणही निर्दोष निघालं. एका बैठकीत एकाच साक्षीदाराला तपासायचं हा दाजींचा नियम, मध्ये दिवाळी गेली, एक लग्न झालं, दाजींना सर्दी झाली. पण प्रत्येक रविवारी सकाळी ते आंघोळ करून, शर्ट घालून उगाच गाडीजवळ उभे राहत आणि अक्का खिडकीतून विचारत, "झालं का?" दाजी मान हलवत आणि शर्ट बदलायला आत जात.

संक्रांत झाली आणि निकाल लागला. दाजींनी वायरचा एक तुकडा घेतला, त्याचं एक टोक बॅटरीच्या उणे बाजूला लावलं आणि दुसरं उजव्या पुढच्या इंडिकेटरच्या लोखंडी दांड्याला टेकवलं. दिवा लागला. मागचाही मिचकू लागला. खानसाहेब कप खाली ठेवून उभे राहिले. "वीज शेतात येत होती," दाजी सावकाश म्हणाले, "पण भायेर पडायला वाट नव्हती. वहिवाट कुणीतरी अडवलीया." त्यांनी दांड्याचा नट सोडवला. नटाखाली, जिथं लोखंडाला लोखंड टेकायला हवं तिथं, ताज्या काळ्या ऑइलपेंटचा जाड, चकचकीत थर होता. त्या दसऱ्याला काम सुबक व्हावं म्हणून दाजींनी इंडिकेटर काढून खालूनही रंग दिला होता. उजवीकडच्या पुढच्याला दिला आणि डबा संपला, म्हणून बाकीचे वाचले. मग खानसाहेबांनी हळूच विचारलं, "तो मुजरिम कौन निकला?" दाजींनी वही उघडली आणि दोष कोणाचा या रकान्यात स्वतःचं नाव, वडिलांच्या नावासकट, पूर्ण लिहिलं. आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. पॉलिश पेपरनं रंग खरवडायला पाच मिनिटं लागली.

रविवारी सकाळी अक्का ठेवणीतली जांभळी साडी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन बाहेर आल्या. दाजींनी गाडी चालू करून उजवा इंडिकेटर लावला. "बघ. पुढचा बघ, मागचा बघ." त्यांना इतकं खुशीत मी पूर्वी पाहिलं नव्हतं. अक्कांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पायदानावर ठेवायला पाय उचलला. पाय वीतभर वर आला आणि तिथंच थांबला. त्यांनी पदर खोचून पुन्हा उचलला. तेवढाच आला. ओठ घट्ट मिटलेले होते आणि खांद्यावरची बोटं दाजींच्या शर्टात रुतली होती. दसऱ्यापासून अक्का एकदाही जिना चढून आमच्याकडे आल्या नाहीत, आम्हीच खाली जात होतो, हे माझ्या तेव्हा कुठं लक्षात आलं, आणि माझी मलाच लाज वाटली. अक्का मागं सरकून ओट्यावर टेकल्या. धाप लागली होती, पण आवाज नेहमीसारखाच चढा.

"त्या हॉर्नचं काय? लई बारीक वाजायलाय. आधी त्याचं बघा, मंग बसते."

हॉर्न ठणठणीत होता. गल्लीत त्याबद्दल दुमत नव्हतं. दाजींनी अक्कांच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे. त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं की त्याच क्षणी कळलं, ते मी आजवर विचारलेलं नाही. त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"व्हय," ते म्हणाले. "बारीकच झालाय. लई दिवस लागतील त्याला."

मग ते कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि रिक्षा घेऊन आले. दौलताबादला जाऊन-येऊन. अक्कांना त्यांनी भर गल्लीत, सगळ्यांदेखत, हाताला धरून आत बसवलं आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांच्या संसारात ती दोघं कायम एक पुढं आणि एक मागं अशी गेली, दाजी बोलत आणि वाऱ्यात अक्कांना अर्धंही ऐकू येत नसे. रिक्षा निघाली तेव्हा दाजी हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि अक्का त्यांच्याकडे तोंड करून ऐकत होत्या. त्या दिवशी ती दोघं दहाला परत आली नाहीत, जेवायची वेळ टळून गेली तरी आली नाहीत, आणि आमच्या घरी कोणालाही त्याची काळजी वाटली नाही.