काकांच्या जिभेसाठी तीन दिवस

गेल्या फेब्रुवारीत मावशी आणि काका नाशिकहून आमच्याकडे यवतमाळला आले. येण्याआधी मावशीचा फोन आला होता. "तू फक्त गाडी काढ. कुठं जायचं ते मी सांगीन तुले."

मावशीचं माहेर यवतमाळचंच. काका मूळचे नाशिककडचे, पण लग्नाआधी तीन वर्षं यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला होते. भाड्याच्या खोलीत राहायचे आणि गावभर फिरून खायचे. पुढे ते जावई म्हणून आले की माझी आई धास्तावायची. वरणाचा पहिला घास घेतला की ते सांगायचे, तूर यंदाची की मागल्या वर्षीची. बहुतेक वेळा बरोबर असायचं.

त्यांना घशाचा कॅन्सर झाला. किरणांचे उपचार झाले, आजार आटोक्यात आला, पण चव गेली. सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणायचे. लाळही आटली होती, त्यामुळे पाण्याची बाटली सतत हातात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काहींची चव परत येते, काहींची थोडीच येते, वाट पाहायची. वाट पाहणं मावशीच्या स्वभावात नाही. ज्या गावात या माणसाची जीभ तयार झाली, तिथलं खाल्लं की ती जागी होईल, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. मला हे खरं वाटत नव्हतं. तरी मी कॉलेजातून तीन दिवसांची रजा टाकली. नाही कसं म्हणणार?

पहिल्या सकाळी आलूबोंडा-रस्सा. काका ज्या टपरीवर खायचे तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. मावशी त्या दुकानासमोर थोडा वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "दुसरीकडे चाल." बसस्टँडच्या मागे एका हातगाडीवर गर्दी होती, तिथं थांबलो.

"तर्री कमी टाकू का जास्त?" गाडीवाल्यानं विचारलं.

"जास्त," मावशी म्हणाली.

मी म्हटलं, "मावशी, त्यांचा घसा..."

"चूप बस तू."

काकांनी बोंडा रश्शात कुस्करला आणि चमचाभर तोंडात टाकला. क्षणात त्यांचे डोळे भरून आले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मावशीनं माझा दंड घट्ट धरला. "पाह्य! लागलं त्यायले! लागलं ना हो?"

काकांनी मान डोलावली. आणखी दोन चमचे खाल्ले. मावशी आनंदानं गाडीवाल्याला सांगायला गेली की यांना आठ महिन्यांनी चव आली. ती तिकडे वळली तसे काका हळूच मला म्हणाले, "आग होतेय नुसती. तोंड सोललंय ना आतून. चव काही नाही."

"मग तुम्ही मान का डोलावली?"

"तिचं तोंड पाहिलंस ना? सांगू नकोस तिला."

मी नाही सांगितलं, आणि तिथून पुढे माझं काही चाललं नाही. मावशीला उमेद आल्यामुळे ती जास्तच झणझणीत शोधू लागली. दुपारी बेसनाच्या पाटोडीचा रस्सा, संध्याकाळी कोथिंबीर भरलेली सांभारवडी. प्रत्येक ठिकाणी काकांचे डोळे वाहायचे आणि प्रत्येक ठिकाणी मावशी हरखायची. मी गाडी चालवत होते. रस्त्यात मुद्दाम थांबून त्यांच्यासाठी थंड दूध घ्यायचे, तर मावशी म्हणायची, "दुधानं तोंडची चव जाते ना!" खोटं बोलणाऱ्या माणसाचे हाल पाहायचे, वर त्याला साथही द्यायची. रात्री घरी आल्यावर काका न्हाणीघरात बराच वेळ गुळण्या करत होते.

दुसऱ्या दिवशी मावशीला कणकेचे जाड रोडगे हवे होते, तेही शेतात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. लोहाऱ्याच्या पुढे माझ्या एका मैत्रिणीचं शेत आहे. तुरीची कापणी झालेली, कपाशीची पऱ्हाटी अजून उभी होती. मैत्रिणीनं बांधाजवळ गोवऱ्या पेटवून रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, फोडलेल्या रोडग्यावर तुपाची धार धरली. तो वास इतका खरपूस होता की मलाच काकांकडे पाहवेना.

काकांनी घास घेतला. रोडगा कोरडा, तोंडात लाळ नाही. ते चावत राहिले. पाणी प्यायले, पुन्हा चावत राहिले. घास खाली जाईना. तरी त्यांनी हात वर करून "मस्त" अशी खूण केली.

मैत्रीण समोरच बसली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती सरळ म्हणाली, "काहून जी काका, गोड नाही लागून राह्यलं तुमाले? जबरदस्तीनं नोका खाऊ. मी भात टाकतो पातळसा."

काकांनी घास हातात काढून घेतला. मावशीकडे न पाहता म्हणाले, "काल पण काही लागलं नव्हतं गं."

मावशी एकदम माझ्याकडे वळली. "तुले माहीत होतं?"

मी मान खाली घातली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण समोरचा रोडगा तिनं फोडला आणि एकटीच खात बसली, भराभर, जणू कुणी हिसकावून घेईल. मैत्रीण चुलीकडे गेली. थोड्या वेळानं काका म्हणाले, "कसा झालाय सांग तरी. मला ऐकू दे."

मावशी थांबली. तिनं सांगायचा खरंच प्रयत्न केला. "चांगला झाला... खमंग आहे. भाजीत... तिखट बरोबर आहे." पुढे तिला शब्द सुचेनात. आयुष्यभर चवीचं बोलायचं काम काकांचं होतं, तिचं फक्त रांधायचं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मलाही सांगता येईना. काका म्हणाले, "असू दे, असू दे."

तिसऱ्या दिवशी आम्ही कुठंच गेलो नाही. घरी मुगाची पातळ खिचडी केली, काकांनी ती पाण्याच्या घोटांबरोबर संपवली. निघताना मावशीनं मला जवळ घेतलं, पण नेहमीसारखं "पुन्हा येतो" म्हणाली नाही.

दिवाळीच्या सुमारास काकांचाच फोन आला. आवाज घोगरा, पण उत्साह होता. "कडू कळायला लागलं. गोळी जिभेवर विरघळली आणि एकदम कडू!" गोड, खारट, आंबट अजून काहीच नव्हतं. मावशी आता दिवसाआड कारलं करते म्हणाले, आणि तेवढं एकच जेवण ते चव कळून जेवतात. मागून मावशीचा आवाज आला, "तिले विचारा, वाळवलेली कारली भेटतात का तिकडे?"

मी विचारलं, "कसं लागतं, काका?"

"घाण लागतं," ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला.