कुसाबाईला आलेली साहेबांची सही

चांदवडकडची कुसाबाई तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तिचा नवरा भिका आमच्या साहेबांचा कार्यकर्ता. कार्यकर्ता म्हणजे सतरंज्या उचलणारा. सभेआधी खुर्च्या मांडायच्या, नंतर गोळा करायच्या, मधे घसा फोडून घोषणा द्यायच्या, ह्यातच गेला बिचारा. साहेबांच्या कॉलेजात पोरीला, पूजाला नोकरीला चिकटवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि साहेबांना त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं! मला माहीत आहे, कारण नाशिकच्या ऑफिसात सहीचं मशीन मीच चालवतो.

मशीन साधंच आहे. पंजात पेन अडकवायचं, खाली कागद सरकवायचा, की उमटली साहेबांची सही. लग्नाला शुभेच्छा, मयताला सांत्वन. भिका गेला तेव्हा त्याच्या घरीही पत्र गेलं, 'आपल्या कुटुंबाच्या पाठीशी मी सदैव उभा आहे.' मजकूर सगळ्यांना तोच असतो.

दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा काही शिवेना. भाऊबंदांनी हात जोडले, घर सांभाळू म्हणाले, कुसाबाईला अंतर देणार नाही म्हणाले. छे! शेवटी कुसाबाईनेच ते पत्र पिंडासमोर धरलं. "सायबांनी सही करून दिलीय. आपल्या पूजाला नोकरी लावणार हायेत. आता जा सुखानं." आणि कावळा उतरला.

हे तिनेच मला सांगितलं. पूजाला घेऊन ती नोकरीचं विचारायला ऑफिसात आली होती. पीए "असं काही ठरलेलं नाही" म्हणून मोकळा झाला, मेला. तरी ती रोज यायची. सकाळची एसटी, मग दिवसभर बाकावर, मांडीवर भाकरीचं फडकं. मला बघवेना. एक दिवस डोकंच फिरलं माझं. दोघींना आत नेलं आणि त्यांच्यासमोर मशीन चालवलं. "बघा मावशी, ही अशी होते सही. साहेबांनी तुमचं पत्र पाहिलेलंसुद्धा नाही. नका मारू खेटे."

वाटलं, रडेल, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. पेन थांबेपर्यंत ती बघत राहिली. पूजाने तिचा हात धरला, तो तिने सोडवला.

"म्हंजे मी त्यांना खोटंच सांगितलं," ती म्हणाली. "खोटं सांगून घालवलं."

मी पंजातलं पेन काढून ठेवलं.

"भाऊ, आता परत पिंड ठेवता येतो का?"