हात न धुण्याची शाळा

परभणीला रोज पॅसिंजरनं जायचं, दुपारपर्यंत दवाखान्यात बसायचं आणि हात घाण करून घरी यायचं! माझ्यावरचा इलाज हा असा होता. सांगितलं तर लोक हसतात. हसू द्या. त्या दिवसांचा विषय निघाला की मला आजही एका जागी बसवत नाही.

चुडाव्याला स्टेशनाजवळ आमचं किराणा दुकान, आणि मागं घर. लग्न होऊन आले तेव्हा मी चांगली होते. लेक झाली आणि डोक्यात बसलं, की माझ्या हाताची घाण तिच्या पोटात जाणार आणि पोर दगावणार. मग हात धुवायचे. धुतले की वाटायचं, तांब्याला बोट लागलं, म्हणजे परत धुवा. साबण झाला, राख झाली, हाताची सालटी निघाली तरी धुणं थांबेना. आम्ही लिंगायत, आमच्यात रोज इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करतात. माझी पूजा सुरूच व्हायची नाही, कारण तळहात शुद्ध झाला असं मला वाटायचंच नाही. शेवटी लेकीला उचलायचंच सोडलं. ती जवळ आली की मी ओरडायची, "शिवू नको!" एक दिवस वालूरहून माझा भाऊ आला आणि भाचीला घेऊन गेला. मी दारात ओले हात घेऊन उभी होते.

आत्याबाई, म्हणजे माझी सासू, कपाळावर हात मारून म्हणायच्या, "अगं बया, आपल्यात इटाळ न्हाई, सुतक न्हाई. तू हे सोवळं आणलंस कुठून?"

आमच्या मालकांना कुणीतरी परभणीच्या डाक्टरीणबाईंचं सांगितलं. त्या मनाच्या आजारावर इलाज करायच्या. गावातल्या लोकांच्या भाषेत, वेड्यांच्या डाक्टर. मी आणि आत्याबाई गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हा मंत्रचळ आहे."

आत्याबाई ताडकन उठल्या. "मंतरलं कुणी? नाव सांगा बाई, तिच्या झिंज्या न्हाई उपटल्या तर बघा!"

"कुणी मंतरलेलं नाही हो, आजाराचं नावच तसं आहे," डाक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या. "भीती येते, हात धुतले की घटकाभर जाते, म्हणून परत धुवावंसं वाटतं. आता भीती येऊ द्यायची आणि धुवायचं नाही. भरती व्हायची गरज नाही. शाळेसारखं रोज यायचं आणि घरी जायचं. फक्त घरी कुणीतरी पाण्यावर राखण ठेवायला पाहिजे."

"मी ठेवते की," आत्याबाई म्हणल्या. झालं! घरातच फौजदार मिळाला.

पहिल्या दिवशी डाक्टरीणबाईंनी मला माझ्याच चपलेचा तळ धरायला लावला. धरा आणि बसा. छाती धडधडायला लागली, पाठ घामानं भिजली. पोर तिकडं वालूरला, आणि मला इथं वाटतंय की ती आत्ता मरते! मी रडले, डाक्टरीणबाईंना नाही नाही ते बोलले. त्यांनी शेजारी बसून दुसरी चप्पल धरली. म्हणाल्या, "चढू द्या. ताप चढतो तशी चढते आणि उतरते."

आणि आईच्यान सांगते, उतरली! धुतल्याबिगर उतरली! मी येड्यासारखी हसत सुटले. परतीच्या गाडीत आत्याबाईंनी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, माझ्या ओंजळीत ओतल्या आणि म्हणल्या, "खा, आन् माझ्याकडं बघत खा." मी भीत भीत एकेक दाणा खाल्ला.

मग मला नादच लागला. पूर्णा मागं पडली की पोटात गुदगुल्या व्हायच्या, आज काय धरायला लावतात? दाराची कडी, केराची टोपली, दुसऱ्याचा रुमाल. एखाद्या दिवशी भीती उतरायचीच नाही, घरी आले की मी रांजणाकडं पळायची. तिथं आत्याबाई पदर खोचून उभ्या! "कुठं निघालीस?" आम्ही भांडायचो आणि भांडता भांडता भीती कधी गेली ते कळायचं नाही.

एकदा विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. परभणीला जाता येईना. आत्याबाई म्हणल्या, "मग काय झालं? आज मीच डाक्टर." शेणाची पाटी पुढ्यात आणून ठेवली. गोवऱ्या थापून झाल्या, तरी मला दुपारपर्यंत तशीच बसवली, हाताला शेण सुकून पोपडे धरले. दुसऱ्या दिवशी डाक्टरीणबाईंनी ऐकलं आणि कपाळ धरलं. "अहो, शेणाचे हात धुवायचेच! पण एकदा!" आत्याबाईंचा असा चेहरा पडला म्हणता! खरं सांगायचं तर ते एकदा धुवून थांबणं सगळ्यात अवघड होतं. तेही जमलं.

शेवटी डाक्टरीणबाई म्हणाल्या, "आता कुणाचं तरी उष्टं खायचं. कुणाचं खाल?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "लेकीचं."

"मग इथं काय करताय? वालूरला जा."

मी आणि आत्याबाई वालूरला गेलो. हुरड्याचे दिवस होते. भावाच्या रानात आगटी पेटलेली, भोवती सगळे बसलेले. माझी लेक मामाच्या मांडीवर. मी जवळ गेले. तिनं मला बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागं लपवले.

"माझे हात घाण हायत," ती म्हणली.

एवढ्याशा पोरीला हे शिकवलं कुणी? मीच. तिथंच खाली बसले. आगटीच्या कडेच्या गार राखेत दोन्ही हात घातले आणि तिला दाखवले. "बघ, माझे बी."

तिनं माझ्या हातांकडं लय वेळ बघितलं. मग हळूच मूठ पुढं आणली. घामेजलेली, राखाडलेली मूठ, आत अर्धा चावलेला हुरडा. तिनं तो माझ्या तोंडात घातला. गोड होता. मी चावला, गिळला.

"आता तुज्या हातचा दे," ती म्हणली, आणि आ करून बसली.

आली भीती! तीच जुनी, माझा हात, तिचं पोट. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. मी भीतीला म्हणलं, चढ किती चढायचं तेवढी. भाजलेलं कणीस घेतलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला. निम्मे दाणे सांडले. उरलेले तिच्या तोंडात घातले.

तिनं चावले, गिळले आणि परत आ केला.

"आजून," ती म्हणली.