कोपऱ्यातला लाल दिवा

त्या लाल दिव्याचा मला आजही राग येतो. दिव्याचा म्हणजे तो आणणाऱ्यांचा, आणि तो लागलेला असताना शेजारी मुकाट बसून राहिलेल्या माझाही.

वडील गेले तेव्हा नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. आमच्याकडे बाई विधवा झाली की कोपरा धरायची. मधल्या खोलीतला कोपरा, खिडकी बंद, आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात ही रीत मोडायची कुणाची टाप नव्हती. आईवर नजर ठेवायला माझी थोरली काकू होतीच. तिला आम्ही मोठी माय म्हणायचो.

आईची स्मरणशक्ती म्हणजे गावाचा आधार होता. कानबाई देवीची गाणी म्हणताना बाया अडल्या की तिच्या तोंडाकडे पाहायच्या. निम्म्या गावातल्या पोरांचे जन्मवार तिला पाठ होते. अशा बाईनं सहाव्या महिन्यात, मी धुळ्यातल्या देवपूरहून भेटायला गेले तेव्हा, मला माझ्याच मुलीचं नाव विचारलं. दोनदा. सकाळ आहे की संध्याकाळ हेही तिला कळेना. कळणार कसं? त्या खोलीत सगळे तास सारखेच होते.

‘दुःखानं डोकं फिरलं,’ असं घरानं ठरवून टाकलं होतं. मी देवपूरच्या एका डॉक्टरांना विचारलं. ते चिडलेच. म्हणाले, “औषधाचं नंतर बघू. आधी त्यांना रोज सकाळी उजेडात बसवा, चार माणसांशी बोलू द्या. सगळं परत येईल अशी खात्री मी देत नाही, पण अंधारात कोंडल्यावर कुणाचं डोकं ताळ्यावर राहील?”

हे मी थोरल्या काकांना, आबांना, जसंच्या तसं सांगितलं. आबांनी त्यातला ‘उजेड’ एवढाच शब्द घेतला आणि भुसावळहून एक माणूस बोलावला. तो कंबर शेकायचा लाल दिवा घेऊन आला. यानं मेंदूच्या नसा मोकळ्या होतात म्हणे! दिवा घरीच ठेवून गेला. पुढच्या महिन्यात मी गेले, तर आई कोपऱ्यात, डोळ्यांवर ओलं फडकं, कपाळावर तो लाल उजेड, मानेवरून घामाच्या धारा. आणि पाच पावलांवर अंगण उन्हानं नुसतं भरलेलं! आमच्या खानदेशात दुसरं काही कमी पडेल, ऊन कधी कमी पडलंय का?

“मोठी माय, तिला ओट्यावर तरी बसू दे,” मी म्हटलं.

“दिवा घरमां उना त चाली, पोरी. बाई भायेर जाई त लोके काय म्हनतीन?”

म्हणजे उजेडाला आत यायची मुभा होती, बाईला बाहेर जायची नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी भांडले नाही. शाळेत पोरांना दरडावणारी मी, तिथं मान खाली घालून बसले आणि दुपारच्या एसटीनं धुळ्याला परतले.

आठव्या महिन्यात पुन्हा गेले. भर सकाळ होती. मोठी माय शेजारी गेली होती आणि आई एकटीच कोपऱ्यात, डोळ्यांवर फडकं बांधून, ताठ बसली होती. समोरचा दिवा विझलेला होता. वीज कधीच गेली होती आणि ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझी चाहूल लागताच तिनं विचारलं, “दिवा लागेल शे का?”

मी फडकं ओढून काढलं, तिचा हात धरला आणि तिला सरळ अंगणात आणलं. समोरच्या ओट्यावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. मोठी माय धावत आली आणि कपाळावर हात मारून घेऊ लागली. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आई डोळे मिटून उन्हात बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बऱ्याच वेळानं तिनं मला नीट पाहिलं, नावानं हाक मारली आणि विचारलं, “कितला महिना व्हयनात?”

“आठ,” मी म्हणाले.

“आठ महिना,” ती म्हणाली. “आन तू माले आज भायेर काढस?”