राखेत घातलेला हात

अमेरिकेत, चँडलरच्या आमच्या मराठी मंडळात त्यांना सगळे शिकारी काका म्हणतात. बोलता बोलता ते मध्येच थांबून हवा हुंगतात. मग म्हणतात, "धूर नाहीये. हां, बोल."

यंदा शिकारीच्या सीझनआधी एल्क, म्हणजे इथली मोठी हरणं, हेरायला ते मला डोंगरावरच्या जंगलात घेऊन गेले. दोन सरी पडल्या म्हणून वणव्याच्या भीतीने घातलेली शेकोटीवरची बंदी उठली होती, पण काकांचा त्या पावसावर काडीचा विश्वास नव्हता. "इथला मान्सून आधी वीज पाडतो, आठवलं तर पाणी," ते म्हणाले. सकाळी त्यांनी टेंट गुंडाळला, शेकोटी मी विझवली.

पाऊण तास घाट उतरल्यावर त्यांनी विचारलं, "राखेत हात घातला होतास ना?"

तो त्यांचा नियमच आहे. पाणी ओतायचं, ढवळायचं आणि शेवटी उघडा हात आत घालून बघायचा.

"हो काका," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. नखं स्वच्छ होती. त्यांनी पिकअप ट्रक वळवला. वर जाताना वारा सुटला होता. मी काच खाली करून त्यांच्यासारखाच हवा हुंगत बसलो.

धूर नव्हता. वरची राखही गार लागली.

"आत," काका म्हणाले.

मी बोटं खुपसली आणि चटका बसून मागे घेतली.

काकांनी आमचं प्यायचं उरलेलं सगळं पाणी ओतलं, काठीने ढवळलं. मग बाजूला झाले आणि माझा हात पुन्हा आत जाईपर्यंत बघत उभे राहिले.